लष्करी सेवेच्या नोंदीतून सुटलेली पदके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या व्यक्तीच्या कागदपत्रांत एखादे पदक, फीत किंवा बिल्ला नोंदवायचा राहून गेला असेल, तर तो कसा नोंदवून घ्यावा याविषयी माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या मनात येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. असे अर्ज भरायला मी गेली काही वर्षे स्वयंसेवक म्हणून मदत करतो. मी वकील नाही. त्यामुळे प्रकरण न्यायालयापर्यंत जाण्याची चिन्हे दिसत असतील, तर या पानावर विसंबू नये.

पदकांची नोंद नेमकी कुठे असते?

सेवेतून मुक्त होताना मिळणाऱ्या डीडी फॉर्म २१४ वर. हा फॉर्म १ जानेवारी १९५० पासून वापरात आहे. त्याआधी दाखले वेगळे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या भूदलातील जवानाला डब्ल्यूडी एजीओ फॉर्म ५३-५५ मिळत असे आणि त्याच्या ३२ व्या रकान्यात लढाया व मोहिमा, तर ३३ व्या रकान्यात पदके लिहिलेली असत. आजच्या डीडी २१४ वर पदके १३ व्या रकान्यात असतात आणि तिथे जागा पुरली नाही, तर उरलेली यादी १८ व्या, म्हणजे शेऱ्यांच्या रकान्यात सरकते. ‘वडिलांचे पदक गाळले’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांना मी प्रथम १८ वा रकाना वाचायला सांगतो, कारण काही वेळा तक्रार तिथेच मिटते.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. सेवेचे कालखंड वेगवेगळे असतील, तर डीडी २१४ एकापेक्षा अधिक असू शकतात. शिवाय या फॉर्मची एक संक्षिप्त प्रत असते आणि एक पूर्ण प्रत. संक्षिप्त प्रतीत सेवामुक्तीचे कारण आणि स्वरूप गाळलेले असते, त्यामुळे पुढच्या कोणत्याही कामासाठी ‘मेंबर-४’ ही पूर्ण प्रतच हाताशी असावी.

अर्ज करण्याआधी काय ठरवावे लागते?

हा प्रश्न मला क्वचितच विचारला जातो, पण बाकीच्या सगळ्या उत्तरांची दिशा त्यावर ठरते. ‘माझे पदक नोंदीत नाही’ या एका वाक्यात तीन वेगवेगळी प्रकरणे दडलेली असू शकतात.

पहिले प्रकरण असे की पदक रीतसर मंजूर झाले, त्याचा लेखी आदेश निघाला, परंतु तो आदेश सैनिकाच्या दप्तरात पोहोचला नाही किंवा डीडी २१४ टंकलिखित करणाऱ्याने तो उतरवला नाही. ही निव्वळ कारकुनी चूक असून ती दुरुस्त होणे तुलनेने सोपे असते. दुसऱ्या प्रकरणात स्वतंत्र आदेशाची गरजच नसते. अमुक काळात अमुक ठिकाणी सेवा केली की ते पदक नियमाने लागू होते. बहुतेक मोहीम-पदके आणि संपूर्ण तुकडीला मिळालेली सन्मानचिन्हे या वर्गात मोडतात, आणि तिथे सेवेची ठिकाणे व तारखा सिद्ध केल्या की काम भागते. तिसरे प्रकरण अवघड आहे: शौर्य गाजवले, सहकाऱ्यांनी पाहिले, वरिष्ठ ‘तुझे नाव पाठवतो’ म्हणाले, पण पदक कधी मंजूरच झाले नाही. येथे नोंद चुकलेली नसून निर्णयच झालेला नसतो. त्यामुळे नोंद-दुरुस्तीचा साधा अर्ज कितीही कळकळीने लिहिला, तरी उपयोगी पडत नाही.

मी पाहिलेल्या, फेटाळल्या गेलेल्या अर्जांपैकी कितीतरी अर्ज तिसऱ्या प्रकारचे असून पहिल्या प्रकारच्या भाषेत लिहिलेले होते.

मुळात नोंदी सुटतात कशा?

बहुतेक वेळा कागद माणसाच्या मागून प्रवास करतो म्हणून. व्हिएतनाममध्ये सैनिक साधारणपणे एक वर्षाच्या नेमणुकीवर जात. शिफारस वर जाऊन आदेश निघेपर्यंत अनेकदा तो सैनिक मायदेशी परतलेला, दुसऱ्या तळावर रुजू झालेला किंवा सेवेतून बाहेर पडलेला असे. आदेशाची प्रत जुन्या तुकडीकडे जाई आणि तिथेच राही.

तोफखान्यात काम केलेल्या एका गृहस्थांच्या कागदांत मला असाच एक आदेश मिळाला. कांदेसालीसारख्या पातळ कागदावरची कार्बन प्रत, वरच्या बाजूला दोन छिद्रे, घड्यांवर झिजून आरपार दिसणारी. एकाच आदेशात चौदा नावे होती आणि त्यांतले नववे नाव यांचे. त्यांच्या नावापुढचा क्रमांक मात्र डीडी २१४ वरील क्रमांकाशी जुळेना. चूक कोणाचीच नव्हती. भूदल आणि हवाई दल यांनी १ जुलै १९६९ पासून जुना सेवा-क्रमांक सोडून सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे नागरिकांना मिळणारा सरकारी ओळख-क्रमांक, वापरायला सुरुवात केली. आदेश त्याआधीचा होता आणि सेवामुक्ती त्यानंतरची. नौदल आणि मरीन कोअर यांनी हाच बदल १ जानेवारी १९७२ पासून केला. या संधिकाळात सेवा केलेल्यांनी दोन्ही क्रमांक अर्जात लिहावेत आणि फरकाचे कारण एका वाक्यात सांगावे, म्हणजे तपासणाऱ्याला शंका येत नाही.

पूर्ण सेवा-अभिलेख कुठे आणि कसा मागवायचा?

मिझुरी राज्यातील सेंट लुइस येथील नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर, ज्याला पुढे ‘अभिलेख केंद्र’ म्हटले आहे, तेथे. मागणी स्टँडर्ड फॉर्म १८० भरून टपालाने किंवा फॅक्सने करता येते. स्वतः माजी सैनिक किंवा त्याचे जवळचे नातेवाईक असतील, तर ‘ई-व्हेटरेक्स’ या ऑनलाइन सेवेतूनही ती करता येते. फॉर्मवर सही आणि तारीख नसेल तर तो परत येतो, हे सांगावे लागू नये, पण सांगावे लागते.

मागणी करताना केवळ डीडी २१४ मागू नये. ‘संपूर्ण अधिकृत कार्मिक फाइल’ असे स्पष्ट लिहावे. व्हिएतनाम काळात भूदलात असलेल्या जवानांच्या फाइलमध्ये डीए फॉर्म २० नावाचे दुमडलेले कार्ड असते आणि माझ्या मते सगळ्या फाइलमधला हा सर्वांत बोलका कागद. त्याच्या ३८ व्या नोंदीत नेमणुका, ३९ व्या नोंदीत मोहिमा, ४० व्या नोंदीत जखमा आणि ४१ व्या नोंदीत पदके असतात. हे कार्ड वेगवेगळ्या कारकुनांनी वेगवेगळ्या शाईने, कधी पेन्सिलीने भरलेले असते. कितीतरी वेळा ४१ व्या नोंदीत पदक स्पष्ट लिहिलेले असते आणि डीडी २१४ वर मात्र ते नसते. असे आढळले, तर पुरावा सरकारी दप्तरातूनच मिळाला असे समजावे.

अलीकडे सेवामुक्त झालेल्यांची दप्तरे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात त्या त्या दलाकडेच असतात; भूदलासाठी हे काम केंटकीतील फोर्ट नॉक्स येथील ह्यूमन रिसोर्सेस कमांड पाहते.

आमची फाइल १९७३ च्या आगीत जळाली असे उत्तर आले. आता सगळे संपले का?

नाही, पण रस्ता लांब होतो. १२ जुलै १९७३ रोजी अभिलेख केंद्राच्या तेव्हाच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर आग लागली आणि अंदाजे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली नष्ट झाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलातील व्यक्तींच्या सुमारे ८० टक्के, आणि २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात सेवामुक्त झालेल्या हवाई दलातील व्यक्तींच्या सुमारे ७५ टक्के फाइली गेल्या. हवाई दलाच्या बाबतीत इंग्रजी वर्णक्रमाने हबर्ड या आडनावानंतर येणाऱ्या फाइलींना झळ बसली. या कागदांच्या दुसऱ्या प्रती ठेवलेल्या नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती आणि आगीआधी सूचीही केलेली नव्हती. नौदल, मरीन कोअर आणि तटरक्षक दल यांच्या फाइलींना या आगीचा फटका बसला नाही. त्यामुळे नौदलातील आजोबांची फाइल ‘आगीत गेली’ असे घरात सांगितले जात असेल, तर ते पुन्हा तपासून पाहावे.

जळालेल्या फाइलच्या जागी केंद्र इतर नोंदींवरून नवी फाइल उभी करते. त्यासाठी अर्जदाराकडून एनए फॉर्म १३०५५ भरून घेतला जातो आणि त्यात तुकडी, ठिकाणे व तारखा जितक्या बारकाईने लिहाव्यात तितके चांगले, कारण शोध नावावरून होण्यापेक्षा तुकडीवरून होतो. कंपनीचा रोजचा हजेरी अहवाल, ज्याला मॉर्निंग रिपोर्ट म्हणत, त्यात कोण आले, कोण गेले, कोण जखमी होऊन इस्पितळात दाखल झाले याच्या नोंदी असतात. शेवटच्या पगाराची बिले असतात. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळातील इस्पितळ-दाखल्यांच्या नोंदी सर्जन जनरलच्या कार्यालयाने सांख्यिकीसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या आणि त्या वाचल्या.

सरकारी दप्तराबाहेर एक जागा हमखास पाहावी, ती म्हणजे सैनिक ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) परतला तिचे नोंदणी कार्यालय. महायुद्धानंतर अनेकांनी आपला दाखला हरवू नये म्हणून काउंटीत नोंदवून ठेवला होता. इतक्या वर्षांनंतर तीच प्रत एकमेव उरलेली असू शकते. माजी सैनिकाने पूर्वी कधी निवृत्तीवेतनाचा किंवा अपंगत्वाचा दावा केला असेल, तर व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या दाव्याच्या फाइलमध्येही जुन्या कागदांच्या प्रती सापडतात.

अर्ज थेट दुरुस्ती मंडळाकडे करावा का?

करू नये. प्रत्येक दलाचे नोंद-दुरुस्ती मंडळ हा शेवटचा प्रशासकीय टप्पा असून खालचे मार्ग न चोखाळता आलेला अर्ज ते परत पाठवू शकते. पहिल्या दोन प्रकारच्या प्रकरणांत आधी अभिलेख केंद्राकडे पदकांच्या पडताळणीची मागणी करावी. पात्रता दप्तरावरूनच सिद्ध होत असेल, तर केंद्र किंवा संबंधित दल दुरुस्ती करून देते आणि प्रकरण तिथेच संपते.

तिथून नकार आला किंवा ‘आमच्याकडील कागदांवरून पडताळता येत नाही’ असे उत्तर आले, तर मंडळाकडे जावे. भूदलाचे मंडळ वेगळे, नौदल आणि मरीन कोअर यांचे एकत्र, हवाई दल आणि अंतराळ दल यांचे एकत्र, आणि तटरक्षक दलाचे मंडळ अंतर्गत सुरक्षा खात्याच्या अखत्यारीत आहे. अर्जाचा फॉर्म सर्वांसाठी एकच आहे, डीडी फॉर्म १४९. डीडी फॉर्म २९३ याच्याशी त्याची गल्लत करू नये. तो फॉर्म सेवामुक्तीचे स्वरूप बदलून घेण्यासाठी असून तो वेगळ्या मंडळाकडे जातो.

या मंडळांचा उगम थोडा मजेशीर आहे. पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद दुरुस्त करायची तर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्या एका माणसासाठी खासगी विधेयक आणावे लागे. त्याचा ताप इतका वाढला की १९४६ मध्ये काँग्रेसने अशी विधेयके बंद केली आणि हे काम लष्करी खात्यांतील नागरी अधिकाऱ्यांच्या मंडळांकडे सोपवले. म्हणूनच आजही या मंडळांचे सदस्य गणवेशधारी नसून नागरी अधिकारी असतात.

डीडी फॉर्म १४९ मध्ये काय लिहावे?

हवी असलेली दुरुस्ती एका वाक्यात, पदकाच्या अचूक अधिकृत नावासह लिहावी. ‘माझी सर्व राहिलेली पदके द्यावीत’ असे लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला काम लावतो आणि अर्जदाराच्या हाती फारसे काही पडत नाही. त्यानंतर नोंद चूक किंवा अन्यायकारक का आहे ते लिहावे, पुराव्यांची यादी जोडावी आणि प्रत्येक पुरावा कोणती गोष्ट सिद्ध करतो ते त्याच्यासमोर नमूद करावे. युद्धकथा सांगण्याचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे, परंतु मंडळाला पराक्रमाच्या वर्णनापेक्षा आदेशाचा क्रमांक अधिक उपयोगी पडतो. तोंडी सुनावणीची मागणी फॉर्मवर करता येते. ती क्वचितच मान्य होते आणि बहुतेक निर्णय कागदांवरच होतात, हे धरूनच लिखाण करावे.

तीन वर्षांची मुदत उलटून गेली आहे. अर्ज करता येईल का?

येईल. कायद्यात चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, परंतु न्यायाच्या हितासाठी मंडळ ती माफ करू शकते. दुसऱ्या महायुद्धातील आणि कोरियातील सैनिकांच्या अर्जांचा विचार आजही होतो, तो याच तरतुदीमुळे. चूक केव्हा आणि कशी लक्षात आली ते मात्र प्रामाणिकपणे लिहावे. ‘वडील वारल्यावर त्यांची पेटी उघडली तेव्हा आदेश सापडला’ हे पुरेसे कारण आहे.

पुरावा म्हणून काय चालते?

सर्वांत वरचे स्थान लेखी आदेशाचे. त्यानंतर दप्तरातील समकालीन कागद: नेमणुकीचे आदेश, प्रवासाचे आदेश, इस्पितळाचे कागद, प्रशस्तिपत्राची प्रत, तुकडीचे अहवाल. व्हिएतनाम काळातील तुकड्यांच्या नोंदी मेरिलँडमधील कॉलेज पार्क येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहायला मिळतात. सहकाऱ्यांची शपथपत्रे चालतात, पण शपथपत्र देणाऱ्याने स्वतः काय पाहिले ते, कुठे आणि केव्हा, असे लिहिलेले हवे. ‘हा फार शूर माणूस होता’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. घरी लिहिलेली पत्रे आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रातील बातमी पूरक म्हणून उपयोगी पडतात. एकट्या छायाचित्राचे वजन कमी, कारण छातीवर फीत लावलेली दिसली तरी ती कोणत्या आदेशाने मिळाली हे छायाचित्र सांगत नाही.

मूळ कागद कधीही पाठवू नयेत. प्रती पाठवाव्यात.

आम्हाला ठाऊकच नसलेली पदके लागू असू शकतात का?

असू शकतात. सेवामुक्तीनंतर कित्येक वर्षांनी निर्माण झालेली किंवा मागील काळाला लागू केलेली पदके डीडी २१४ वर असणे शक्यच नव्हते. काही ठळक उदाहरणे खाली देतो. ज्यांच्या घरी जुना दाखला आहे त्यांनी तो समोर ठेवून वाचावीत.

दुसऱ्या महायुद्धात ७ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातील कामगिरीबद्दल ज्यांना कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज (लढाईतील पायदळ सैनिकांचा बिल्ला) किंवा कॉम्बॅट मेडिकल बॅज (त्यांच्यासोबतच्या वैद्यकीय जवानांचा बिल्ला) मिळाला, ते ब्राँझ स्टार मेडललाही पात्र ठरतात. ब्राँझ स्टार १९४४ मध्ये सुरू झाले आणि हा निर्णय युद्धानंतरचा, त्यामुळे बॅज दाखल्यावर आहे पण पदक नाही अशी स्थिती सर्रास आढळते. बॅजची नोंद हाच येथे पुरावा.

युद्धकैदी राहिलेल्यांसाठीचे प्रिझनर ऑफ वॉर मेडल १९८५ मध्ये निर्माण झाले, पण ते ५ एप्रिल १९१७ नंतरच्या कैद्यांना लागू आहे. कोरियन युद्धात, म्हणजे २५ जून १९५० ते २७ जुलै १९५३ या काळात, तिथे सेवा केलेल्यांना दक्षिण कोरिया सरकारने देऊ केलेले युद्धसेवा पदक स्वीकारण्यास अमेरिकेने १९९९ मध्ये संमती दिली. युद्धबंदीनंतर, २८ जुलै १९५४ पासून, कोरियात सलग ३० दिवस किंवा तुटक ६० दिवस सेवा केलेल्यांसाठी कोरिया डिफेन्स सर्व्हिस मेडल आहे आणि त्याचा कायदा २००२ मध्ये झाला. ‘आम्ही गेलो तेव्हा युद्ध संपले होते, आम्हाला कसले पदक?’ असे म्हणणारे या गटातले असतात, आणि पात्र असूनही अर्ज न करणारेही बहुतेक हेच.

व्हिएतनामच्या बाबतीत १९७४ च्या भूदलाच्या सर्वसाधारण आदेश क्रमांक ८ ने तिथे सेवा केलेल्या भूदलाच्या तुकड्यांना रिपब्लिक ऑफ व्हिएतनाम गॅलन्ट्री क्रॉस विथ पाम हे सामूहिक सन्मानचिन्ह दिले. त्याआधी सेवामुक्त झालेल्या लाखो सैनिकांच्या दाखल्यांवर ते असणार कुठून? व्हिएतनाम सर्व्हिस मेडलच्या फितीवर प्रत्येक मोहिमेसाठी एक लहान कांस्य तारा आणि पाच कांस्य ताऱ्यांऐवजी एक चांदीचा तारा लावतात. हे तारे बहुधा चुकीचे मोजलेले असतात. भूदलासाठी व्हिएतनाममधील मोहिमा १७ धरल्या आहेत, तेव्हा आपल्या येण्याजाण्याच्या तारखा त्या मोहिमांच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. नौदल आणि मरीन कोअर यांची कॉम्बॅट अॅक्शन रिबन १९६९ मध्ये सुरू झाली आणि पुढे ती ७ डिसेंबर १९४१ पर्यंत मागे नेण्यात आली.

गुड कंडक्ट मेडलचीही एक गंमत आहे. चांगल्या वर्तणुकीने पूर्ण मुदतीची सेवा केली, वर्तन आणि कार्यक्षमता यांचे शेरे ‘उत्कृष्ट’ आहेत, अपात्र ठरवणारे कमांडरचे पत्र दप्तरात कुठेही नाही, आणि तरीही पदक दिलेले नाही. अशा प्रकरणांत भूदलाच्या मंडळाने अनेकदा अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला आहे.

कोणती पदके मागूनही मिळत नाहीत?

जी मागील काळाला लागू नाहीत ती. भूदलाचा कॉम्बॅट अॅक्शन बॅज १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या चकमकींसाठी आहे, त्यामुळे व्हिएतनाममध्ये शत्रूच्या गोळीबारात सापडलेल्या तोफखान्यातील सैनिकाला तो मिळत नाही. हे अनेकांना खटकते, मलाही खटकते, पण तो धोरणाचा भाग असून नोंदीतील चूक नव्हे. आर्मी सर्व्हिस रिबन १ ऑगस्ट १९८१ पासून आहे आणि त्यापूर्वी सेवा संपलेल्यांना ती लागू होत नाही. शीतयुद्ध-सेवेचे प्रमाणपत्र मिळते, परंतु ते पदक नाही आणि डीडी २१४ वर नोंदले जात नाही.

पर्पल हार्टसाठी वेगळे काही लागते का?

शत्रूमुळे जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या या पदकाची शिफारस व्हावी लागत नाही; निकष पूर्ण झाले की ते मिळण्याचा हक्क असतो, आणि त्यासाठी मुदतही नाही. परंतु तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: जखम शत्रूच्या कृतीमुळे झाली, तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उपचार आवश्यक होते, आणि त्या उपचाराची अधिकृत नोंद झाली. अडते ते बहुधा तिसऱ्या गोष्टीवर, कारण खंदकातच पट्टी बांधून परत लढायला गेलेल्या माणसाची नोंद कोणी करायची? अशा वेळी मॉर्निंग रिपोर्ट, डीए फॉर्म २० ची ४० वी नोंद, व्हिएतनाममधील हताहतांची यादी आणि उपचार करणाऱ्या वैद्यकीय सहायकाचे शपथपत्र असे तुकडे जुळवावे लागतात. हिमदंश आणि ट्रेंच फूट (ओल्या थंडीत पायांना होणारी इजा) या दुखापती आजच्या निकषांत बसत नाहीत.

शिफारसच झाली नव्हती, किंवा ती वाटेत हरवली. मग?

हे तिसरे प्रकरण. त्यासाठी अमेरिकी कायदासंहितेच्या दहाव्या भागातील कलम ११३० चा मार्ग आहे: मुदत उलटून गेलेली शिफारस काँग्रेसच्या सदस्यामार्फत संबंधित दलाच्या सचिवाकडे पाठवता येते आणि तिचा गुणवत्तेवर विचार करणे खात्याला बंधनकारक होते. मात्र अर्जदार स्वतःची शिफारस करू शकत नाही. त्या प्रसंगाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या व्यक्तीने, शक्यतो तेव्हाच्या वरिष्ठाने, भूदलासाठी डीए फॉर्म ६३८ भरावा लागतो. सोबत घटनेचे सविस्तर कथन, प्रस्तावित प्रशस्तिपत्र आणि प्रत्यक्षदर्शींची शपथपत्रे जोडावी लागतात. व्हिएतनाममधला प्लाटून लीडर, म्हणजे छोट्या तुकडीचा प्रमुख, आज ऐंशीच्या घरात असेल. त्याला शोधण्याचे काम फॉर्म भरण्याच्या आधी आणि लवकर करावे.

माजी सैनिक हयात नसेल तर अर्ज कोण करू शकतो?

जवळचे नातेवाईक. अभिलेख मागवण्यासाठी पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ आणि बहीण यांना हा हक्क आहे; नातवंडे त्यांत येत नाहीत. पदक प्रत्यक्ष मिळण्याच्या क्रमात मात्र भूदल ज्येष्ठ नातवंडापर्यंत जाते. मृत्यूचा पुरावा जोडावा लागतो. सेवामुक्तीला ६२ वर्षे झाली की फाइल सार्वजनिक अभिलेख बनते आणि कोणालाही शुल्क भरून तिच्या प्रती घेता येतात, त्यामुळे नातवंडांची अडचण बऱ्याच वेळा तिथे सुटते.

कागदांवर नाव वेगवेगळे आहे. त्यामुळे अडेल का?

अडू नये, पण खुलासा हवा. नागरिकत्व घेताना नाव बदललेले असते, मधल्या नावाच्या जागी वडिलांचे नाव आलेले असते, किंवा आडनावाचे रोमन स्पेलिंग भरती करणाऱ्याने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते. सेवेच्या काळात वापरलेले नाव फॉर्मवर जसेच्या तसे लिहावे आणि नावबदलाच्या कागदाची प्रत जोडावी.

निर्णयाला किती काळ लागतो?

कायद्याने मंडळांना ९० टक्के प्रकरणे १० महिन्यांत आणि कोणतेही प्रकरण १८ महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. मनाची तयारी १८ महिन्यांची ठेवावी. अर्जदार अतिवृद्ध किंवा गंभीर आजारी असेल, तर तसे पहिल्या पानावरच लिहून वैद्यकीय पत्र जोडावे.

अर्ज फेटाळला गेला तर?

निर्णयपत्र शांतपणे वाचावे, कारण कोणता पुरावा कमी पडला ते त्यात लिहिलेले असते. मंडळाने पूर्वी न पाहिलेला नवा पुरावा मिळाला, तर फेरविचाराची मागणी करता येते. तोच अर्ज अधिक तीव्र शब्दांत पुन्हा पाठवण्याला फेरविचार म्हणत नाहीत. संघराज्य न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी सामान्यतः सहा वर्षांची मुदत असते, पण न्यायालय पदक देण्याचा निर्णय स्वतः घेत नाही. मंडळाचा निर्णय मनमानी होता का एवढेच ते पाहते.

दुरुस्ती झाल्यावर नवा डीडी २१४ मिळतो का?

बहुधा नाही. डीडी फॉर्म २१५ नावाचे दुरुस्तीपत्र मिळते आणि ते मूळ दाखल्याला जोडून वाचायचे असते. दोन्ही कागद कायम एकत्र ठेवावेत. काउंटीत दाखला नोंदवला असेल, तर हे दुरुस्तीपत्रही तिथे नोंदवून घ्यावे.

पदक प्रत्यक्ष हातात कसे मिळते आणि त्याचे पैसे पडतात का?

पात्रता निश्चित झाल्यावर अभिलेख केंद्र संबंधित दलाला कळवते. भूदलाची पदके फिलाडेल्फियाहून रवाना होतात. माजी सैनिकाला, आणि तो हयात नसेल तर पात्र वारसाला, त्यासाठी सामान्यतः पैसे मोजावे लागत नाहीत. पाकीट साधे असते आणि समारंभ त्यासोबत येत नाही. तो हवा असेल, तर स्थानिक काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला विचारावे; अशा कामाला ती कार्यालये सहसा नाही म्हणत नाहीत.

इतक्या वर्षांनी या खटाटोपाचा व्यावहारिक उपयोग काय?

काही पदकांचा ठोस उपयोग आहे. पर्पल हार्टधारकाला व्हेटरन्स अफेअर्सच्या आरोग्यसेवेत किमान तिसरा प्राधान्यगट मिळतो आणि केंद्रीय नोकरभरतीत १० गुणांचे प्राधान्य मिळते. मोहीम-पदकाने ५ गुणांचे प्राधान्य मिळू शकते. प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याची नोंद, उदाहरणार्थ कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज, अपंगत्वाच्या दाव्यात मोलाची ठरते, कारण लढाईत झालेल्या इजेबद्दल अशा सैनिकाचे स्वतःचे निवेदन कायदा अधिक सहज ग्राह्य धरतो. बाकीच्या पदकांनी पैशांत फरक पडत नाही, आणि त्यांच्यासाठी येणारी माणसे पैशांसाठी आलेली नसतात.

घरीच दाखल्यावर पदक टंकून घेतले तर? किंवा पैसे घेऊन काम करून देणाऱ्यांकडे गेले तर?

पहिले करूच नये. सेवामुक्तीच्या दाखल्यात फेरफार करणे हा संघराज्य कायद्याखाली गुन्हा आहे, आणि न मिळवलेल्या ठरावीक पदकांचा दावा करून आर्थिक लाभ उकळणे २०१३ च्या स्टोलन व्हॅलर कायद्याने दंडनीय आहे. दुसरे करण्याची गरज नाही. वर उल्लेखलेले फॉर्म विनामूल्य आहेत, अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स आणि डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स या संघटनांचे प्रशिक्षित सेवा-अधिकारी मदतीचे पैसे घेत नाहीत, आणि बहुतेक काउंटींत माजी सैनिकांसाठी नेमलेला अधिकारी असतो. त्याला भेटायला जाताना डीडी २१४ ची पूर्ण प्रत, सापडलेले सर्व आदेश आणि तुकडीचे पूर्ण नाव लिहिलेला एक कागद सोबत न्यावा.